ऑगस्टमधला आकडा

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ साली गोड्या पाण्यासाठी ठरवलेले दोन आकडे आता मला तोंडपाठ झाले आहेत. मिठाचा एक घटक असलेल्या क्लोराइडचं प्रमाण चार दिवसांच्या सरासरीने लिटरमागे २३० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि एका तासाच्या सरासरीने ८६० च्या वर जाऊ नये. तीन वर्षांतून एखाद्या वेळी ही मर्यादा ओलांडली गेली तर चालवून घेतात, त्याहून जास्त नाही. आमच्या घरामागच्या ओढ्यात मी आधी हिवाळाभर आणि मग उन्हाळ्यातही क्लोराइड मोजलं. कसं मोजलं, काय दिसलं आणि पुढे काय केलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण अमेरिका-कॅनडाच्या थंड भागांत आपली कितीतरी मराठी घरं अशाच ओढ्यांच्या काठाने वसलेली आहेत.

आम्ही मेरीलँडमध्ये गेदर्सबर्गला राहतो. आमच्या ओढ्याला नकाशावर नाव नाही. दोन वसाहती, एक शाळा आणि दुकानांपुढचं एक भलंमोठं पार्किंग, एवढ्यांचं पावसाचं पाणी त्यात उतरतं. पुढे तो मडी ब्रँचला मिळतो आणि मडी ब्रँच पोटोमॅक नदीला. तिथून थोडं खाली पोटोमॅकचं पाणी शुद्धीकरणासाठी उचलतात, आणि तेच आमच्या नळाला येतं. म्हणजे या ओढ्यात जे जातं त्याचा काही अंश आमच्याच स्वयंपाकघरात परततो. शुद्धीकरणात गाळ निघतो, जंतू मरतात. क्लोराइड मात्र नेहमीच्या प्रक्रियेत निघत नाही. ते कुजत नाही, उडून जात नाही, गाळाबरोबर तळाशीही बसत नाही. काढायचंच तर पाणी आरओमधून न्यावं लागतं, आणि वाहता ओढा कोण आरओमधून काढणार?

हे मीठ येतं रस्त्यांवरून. बर्फ पडायच्या आधी, पडत असताना आणि पडून गेल्यावर रस्ते, पार्किंग, पायवाटा आणि घरासमोरचे ड्राइव्हवे, सगळीकडे खडे मीठ पसरतात. अमेरिकेत दरवर्षी अशा कामासाठी साधारण २ कोटी टन मीठ वापरलं जातं. बर्फ वितळला की ते पाण्याबरोबर स्टॉर्म ड्रेनमध्ये, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या गटारात जातं, आणि स्टॉर्म ड्रेन बहुतेक ठिकाणी थेट ओढ्यात उघडतो. मध्ये कुठलंही शुद्धीकरण नाही.

मीठ मोजण्याकडे मी वळले ती शेजारच्या एका निवृत्त जीवशास्त्र शिक्षिकेमुळे. आयझॅक वॉल्टन लीग ही १९२२ साली सुरू झालेली निसर्गसंरक्षणाची जुनी संस्था. तिचं मुख्यालय आमच्याच गावात आहे, आणि ‘सॉल्ट वॉच’ नावाच्या उपक्रमात ती लोकांना क्लोराइड मोजायच्या पट्ट्या फुकट पाठवते. बाईंनी त्यांच्याकडच्या पट्ट्या मला दाखवल्या आणि मला एकदम अमरावतीची कॉलेजची प्रयोगशाळा आठवली.

मी दर्यापूर तालुक्यातली. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा सगळा पट्टा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी मुळातच खारं आहे. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात तुरीची डाळ धड शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आता पुष्कळ गावांना शहानूर धरणाचं पाणी नळाने येतं, पण माझ्या लहानपणी पिण्याचं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. बीएस्सीला असताना मी गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं आणि त्यातलं क्लोराइड मोर पद्धतीने मोजलं होतं. फ्लास्कमधल्या पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले की ते पिवळं दिसतं. वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. चांदी आधी सगळ्या क्लोराइडला धरते, पांढरा साका बनतो. क्लोराइड संपलं की पुढचा थेंब क्रोमेटला जाऊन भिडतो आणि पाणी विटकरी होतं.

या पट्टीत रसायन तेच आहे, फक्त कागदात मुरवलेलं. प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये एक तपकिरी उभा पट्टा असतो, तो सिल्व्हर डायक्रोमेटचा. कपात बोटाच्या एका पेरापेक्षा थोडं जास्त पाणी घ्यायचं आणि पट्टी त्यात उभी ठेवायची. वरच्या टोकाची पिवळी आडवी रेघ पाण्याला लागू द्यायची नाही. पाणी केशाकर्षणाने हळूहळू वर चढतं आणि जिथवर क्लोराइड चांदीशी जोडलं जातं तिथवर तपकिरी पट्टा पांढरा होत जातो. पाणी टोकाला पोचलं की पिवळी रेघ काळसर होते. मग पांढऱ्या भागाचं टोक कुठल्या आकड्याला आलं ते वाचायचं आणि पट्ट्यांसोबतच्या तक्त्यात त्याचं उत्तर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग या मापात, शोधायचं. ओढ्याच्या पाण्यात पीपीएम आणि लिटरमागे मिलिग्रॅम एकच धरले तरी चालतं. तक्ता त्याच पट्ट्यांच्या बॅचचा हवा, कारण प्रत्येक बॅचचे आकडे थोडे वेगळे असतात. पट्टी दमट हवेत उघडी राहिली तर बिघडते. आमच्याकडच्या पट्ट्या साधारण ३० ते ६०० पीपीएमपर्यंत मोजतात.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ती विचारली. आरओवाल्याकडचा टीडीएस पेन पाण्यात बुडवून हे काम होत नाही. तो पाण्यात विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, बायकार्बोनेट, सगळं. एकाच ओढ्यात तो आकडा अचानक चढला तर मीठ आलं असावं हे कळतं, आणि त्यासाठी पेन चांगला आहे. पण क्लोराइड किती, हे पट्टी किंवा प्रयोगशाळाच सांगते.

पहिलं मोजमाप बर्फ पडायच्या खूप आधी घ्यायचं. हिवाळ्यानंतर आकडा वाढला हे सांगायला आधीचा आकडा हवाच. नोव्हेंबरात, आठवडाभर पाऊस नसताना मी ते घेतलं. ओढ्याच्या मधोमध वाहत्या पाण्यातून, प्रवाहाकडे तोंड करून, कप त्याच पाण्याने आधी विसळून. आकडा साठच्या आसपास आला. मेरीलँडच्या या भागात जंगलातल्या, रस्त्यांपासून दूरच्या ओढ्यात क्लोराइड वीसच्याही खाली असतं. साठ म्हणजे मर्यादेच्या खूप आत, आणि तरी नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर. मर्यादेच्या आत असणं आणि निरोगी असणं यांतलं अंतर मला तेव्हाच जाणवायला लागलं.

जानेवारीत गारठवणारा पाऊस झाला, त्यावर थोडा बर्फ. रस्ते पांढरे दिसत होते, पण निम्मा पांढरेपणा मिठाचा होता. पार्किंगच्या कोपऱ्यांत जिथे ट्रक वळतो तिथे मिठाचे छोटे ढीग पडले होते. थंडी कडक होती तोवर ओढ्याचा आकडा फारसा हलला नाही, कारण काहीच वाहत नव्हतं. मग दोन दिवस ऊन पडलं, आणि पाठोपाठ पाऊस आला. त्या पावसात मी ओढ्यावर गेले. पट्टी पाण्यात ठेवली आणि पांढरा रंग चढत चढत शेवटच्या आकड्याच्या पलीकडे गेला. अख्खी पट्टी पांढरी.

पट्टी संपली म्हणून मोजमाप संपत नाही. एक भाग ओढ्याचं पाणी आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण केलं, नवी पट्टी ठेवली, आणि आलेला आकडा चारने गुणला. नळाचं पाणी यासाठी चालत नाही, त्यात स्वतःचं क्लोराइड असतं. उत्तर साधारण १,४०० आलं. तासाभराच्या सरासरीची मर्यादा ८६०. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९,००० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा ओढा काही समुद्र झाला नव्हता. पण ज्या जिवांनी जन्मभर गोडं पाणी पाहिलं आहे त्यांच्यासाठी ही झेप भयंकर आहे.

का, तेही थोडक्यात. गोड्या पाण्यातल्या किड्याच्या, माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यामुळे पाणी सारखं आत शिरू पाहतं आणि क्षार बाहेर निसटू पाहतात. हा तोल सांभाळण्यात त्यांची बरीच शक्ती खर्ची पडते. बाहेरचं मीठ अचानक वाढलं की त्यांची ही सगळी यंत्रणा कोलमडते. आधी अंडी आणि पिल्लं जातात, मेफ्लायसारखे नाजूक कीटक जातात, आणि पाणपिसवा म्हणतात ते सूक्ष्म जीव जातात. पाणपिसवा शेवाळ खातात आणि माशांची पिल्लं पाणपिसवा खातात, त्यामुळे त्या गेल्या की वरचं-खालचं दोन्ही बिघडतं.

त्याच सुमारास आईशी फोनवर बोलताना मी हे सगळं सांगितलं. ती जरा गप्प राहिली आणि म्हणाली, “मंग लोकंच टाकतात का मीठ पान्यात?” आमच्या खारपाणपट्ट्यातलं मीठ माणसाने टाकलेलं नाही, ते त्या गाळाच्या जमिनीत आधीपासून आहे आणि पिढ्यान् पिढ्या माणसं त्याच्याशी झगडत आली आहेत. चांगलं गोडं पाणी असताना त्यात ट्रकने मीठ ओतणं तिला समजेना. मलाही ते तिला नीट समजावून सांगता आलं नाही.

बर्फ सरला की सगळे सुटलो म्हणतात. आठवड्याभरात आकडा तीनशेच्या खाली आला, एप्रिलमध्ये शंभराच्या थोडा वर स्थिरावला. बाईंबरोबर आम्ही काही जणांनी वसंतात ओढ्यातले दगड उलटून, जाळी लावून किडे पाहिले. शेपटीला तीन धागे असलेली मेफ्लायची अळी शोधून शोधून एखाद-दुसरी मिळाली. स्वच्छ पाणी लागणारा स्टोनफ्लाय हा कीटक तर एकही नाही. चिलटांच्या अळ्या आणि गांडुळासारखे बारीक लाल किडे मात्र भरपूर. हे वाईट पाण्यातही तग धरतात. याला एकटं मीठ जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. वसाहतींचं गरम पाणी, गाळ आणि पावसात येणारे लोंढे यांचाही वाटा आहे. पण त्या यादीत मीठ आहे.

मग ऑगस्ट आला. उन्हाळ्यात कुणी मीठ मोजत नाही, आणि माझं म्हणणं आहे की खरं मोजायचं तेव्हाच. बरेच दिवस पाऊस नव्हता. ओढ्यात जे थोडं पाणी होतं ते सगळं जमिनीतून झिरपून आलेलं. मिठाचा खडा कुठे पडून सहा महिने होऊन गेले होते. पट्टीवर आकडा आला १३० च्या आसपास. नोव्हेंबरच्या दुपटीहून जास्त, एप्रिलपेक्षाही जास्त. खात्रीसाठी थोडं वर जाऊन दुसऱ्या जागी मोजलं, तिथेही तेच.

याचा अर्थ असा की हिवाळ्यातलं सगळं मीठ वाहून जात नाही. बराच भाग जमिनीत मुरतो, भूजलात उतरतो आणि तिथून वर्षभर ओढ्याला येत राहतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराचा हिशेब मांडला तेव्हा रस्त्यांवर टाकलेल्या मिठापैकी सुमारे ७० टक्के तिथल्याच पाणलोटात मागे राहतं असं दिसलं. आमच्या शेजारच्या बाल्टिमोरमध्ये तर याआधीच हे दाखवून दिलं गेलं होतं. सुजय कौशल आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात, शहरी ओढे हिवाळ्यात समुद्राच्या पाण्याच्या पावपट खारे होतात आणि उन्हाळ्यातही त्यांतलं क्लोराइड जंगलातल्या ओढ्यांच्या शंभरपटीपर्यंत राहू शकतं, असं आढळलं. मी हे वाचलं होतं, पण आपल्या ओढ्यावर, आपल्या हातातल्या पट्टीवर ते पाहणं वेगळं.

१३० हा आकडा निरोगी की आजारी? अमेरिकेच्या २३० च्या मापाने तो ठीक आहे. कॅनडाने २०११ मध्ये दीर्घकाळासाठी १२० आणि अल्पकाळासाठी ६४० अशी मापं ठरवली. त्या मापाने तो ठीक नाही. म्हणजे हेच पाणी सरहद्दीच्या अलीकडे पास आणि पलीकडे नापास. आयोवा राज्य तर एक आकडा न ठेवता पाण्याचा कठीणपणा आणि त्यातलं सल्फेट पाहून मर्यादा काढतं, कारण कठीण पाण्यात क्लोराइडचा विषारीपणा कमी होतो. आणि २०२२ मध्ये अमेरिका, कॅनडा, स्पेन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी एकत्र केलेल्या तळ्यांच्या प्रयोगांत, या सरकारी मर्यादांच्या आतही बहुतेक ठिकाणी पाणपिसवा निम्म्याहून कमी झाल्या. एवढं समोर असताना २३० ला निरोगीपणाची रेघ मानायला माझं मन तयार नाही. तो आकडा फार तर कायद्याची रेघ आहे. ओढ्याची तब्येत पाहायची तर त्याच भागातल्या शेजारच्या जंगलातल्या ओढ्याशी तुलना करावी, आणि भर उन्हाळ्यातला, पाऊस नसतानाचा आकडा दरवर्षी लिहून ठेवावा. तो वर्षागणिक चढत असेल तर हिवाळ्यात काही चुकतं आहे.

हे सगळं घेऊन मी आमच्या एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाच्या बैठकीला गेले. जानेवारी आणि ऑगस्टचे पट्ट्यांचे फोटो, आणि एक पानाचं टिपण. लोकांनी ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न अपेक्षित होता: कुणी घसरून पडलं तर? हा प्रश्न फालतू नाही. आमच्या वसाहतीत वयस्क माणसं खूप आहेत, माझे सासरेही हिवाळ्यात इथे असतात. मीठ बंद करा असं मी म्हणत नव्हते, आणि कुणीच म्हणू नये. म्हणणं एवढंच होतं की जे टाकतो ते मोजून टाका आणि उपयोग होईल तेव्हाच टाका.

साधं खडे मीठ उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास कामाचं राहत नाही. त्या थंडीत ते टाकणं म्हणजे ते सरळ ओढ्यासाठी साठवणं. मिठाचा सुमारे २३ टक्क्यांचा खारा द्राव बर्फाच्या आधी रस्त्यावर फवारला तर खूप कमी मिठात बर्फ चिकटत नाही; मेरीलँडचं महामार्ग खातंही तो वापरतं. घरच्यासाठी प्रमाण याहून सोपं: कॉफीच्या मोठ्या मगाएवढं, म्हणजे साडेतीनशे मिलिलिटरच्या मगभर मीठ वीस फुटी ड्राइव्हवेला किंवा पायवाटेच्या दहा काँक्रीटच्या चौकोनांना पुरतं. आधी फावड्याने बर्फ काढायचा, मग खडे एकमेकांपासून अंतर ठेवून पसरायचे. वाळल्यावर उरलेले झाडून पुढच्या वेळेसाठी ठेवायचे. दुकानात ‘पर्यावरणपूरक’ किंवा ‘पाळीव प्राण्यांना सुरक्षित’ लिहिलेली पोती मिळतात. त्यांवरची घटकांची यादी वाचा. कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड, या दोन्हींतही क्लोराइड आहेच. आणि मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण खात्याचं एक वाक्य मी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं: चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं दूषित करायला पुरतं. पाच गॅलन म्हणजे जवळपास १९ लिटर.

खरी अडचण बर्फ काढून मीठ टाकणाऱ्या काँट्रॅक्टरच्या करारात निघाली. त्याला प्रत्येक फेरीचे आणि टाकलेल्या मिठाच्या वजनाचे पैसे मिळत होते. जास्त टाकलं तर जास्त बिल, आणि कमी टाकून कुणी पडलं तर खटल्याची भीती त्याच्या डोक्यावर. अशा करारात कुणीही माणूस जास्तच टाकणार, त्याला मी दोष देत नाही. न्यू हॅम्पशायरने यावर चांगला मार्ग काढला आहे: मीठ बेताने वापरण्याचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या काँट्रॅक्टरला तिथे अशा खटल्यांपासून कायद्याने मर्यादित संरक्षण मिळतं. इथेही तसं व्हावं म्हणून आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींना आम्ही पत्र लिहिलं आहे.

वसाहतीपुरतं मात्र काही बदललं. नव्या करारात हंगामाची एकच ठरलेली रक्कम आहे, वजनावर पैसे नाहीत. स्प्रेडर, म्हणजे मीठ पसरवायचं यंत्र, हंगामाच्या सुरुवातीला मोजून लावायचा आणि किती मीठ गेलं याची नोंद द्यायची. पार्किंगच्या दूरच्या टोकाच्या जागा, जिथे हिवाळ्यात कुणी गाडी लावत नाही, त्या बंद ठेवायच्या म्हणजे तिथे मीठच नको. काही जणांना शेवटचं कलम पटलं नाही. मतदान झालं आणि ते थोडक्यात मंजूर झालं. शाळेशी आणि दुकानवाल्यांशी बोलणं चालू आहे, आणि सगळ्यात मोठं पार्किंग त्यांचंच असल्यामुळे खरा फरक तिथेच पडणार आहे.

भूजलात मुरलेलं मीठ एका वर्षात निघणार नाही, त्यामुळे पुढच्या ऑगस्टला आकडा खाली येईल अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही. आणखी चढला नाही तरी पुष्कळ. वसाहतीतली दोन शाळकरी मुलं आता मोजायला येतात. त्यांना पट्टी धरायला शिकवलं आहे, आणि वहीत तारीख, शेवटचा पाऊस कधी झाला आणि हवेचं तापमान हे तिन्ही लिहायलाही, कारण त्याशिवाय नुसत्या आकड्यावरून काही सांगता येत नाही. तुमच्या घरामागे ओढा असेल आणि यंदा सुरुवात करायची असेल, तर पट्ट्या ऑक्टोबरातच मागवा. थंडीच्या तोंडावर मागणी वाढते, आणि पहिलं मीठ पडायच्या आधीचा आकडा एकदा हुकला की वर्षभर थांबावं लागतं.